प्रमाणित कोपर

तापमान ही अत्यंत गंभीर बाब असून ती माणसाच्या अंगावर सोडून देता येत नाही, याबद्दल सुशिक्षित जगात आता दुमत उरलेलं नाही. जे मोजलं जात नाही त्याचा भरवसा नसतो, आणि जे मोजलं जातं त्याची निदान नोंद तरी राहते. पश्चिम नॉर्वेतल्या त्या दरीत तीनशे वर्षं घरोघरी बिअर होत होती आणि किती अंशांवर काय करायचं, हे एकाही घराला ठाऊक नव्हतं. तरीही बिअर चांगली होत असे. (हा योगायोग होता, असं तिथल्या बिअर मंडळाच्या अहवालात नमूद आहे.)

टोर्गाइर हा सुधारलेला माणूस. हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायची आणि उन्हाळ्यात घराला लागून असलेल्या चूलघरात बिअर करायची, असा त्याचा क्रम. दह्याला लागतं तसं बिअरलाही विरजण लागतं, आणि टोर्गाइरच्या घराण्याचं विरजण त्याच्या पणजीच्या आईपासून चालत आलेलं होतं. ते वाळवायचं, पापड्या करून बरणीत भरायच्या आणि बरणी फ्रीजरमध्ये ठेवायची. आता असा ऐवज नुसत्या फ्रीजरच्या भरवशावर ठेवणं बरं नव्हे, म्हणून टोर्गाइरने बाजारातला सगळ्यात स्वस्त तापमापक आणि नियंत्रक आणून फ्रीजरला जोडला. या यंत्राने पाच महिने अखंड उणे अठरा दाखवलं. त्यांपैकी सात आठवडे फ्रीजरची वायर उंदराने कुरतडलेली होती, पण यंत्राने धीर सोडला नाही. फेब्रुवारीत बरणी उघडली तेव्हा आत हिरवी लव वाढली होती आणि ती अगदी सुखात होती.

घराण्याचं विरजण गेलं. राहिलं ते एकच: टोर्गाइरच्या सिन्नेवा आत्याच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं गवताचं कडं. जुन्या रीतीने विरजणात बुडवून वाळवलेलं. आत्या शहाऐंशी वर्षांची. तिने कधी यंत्र घेतलं नाही, त्यामुळे तिचं नुकसान व्हायची संधीच आली नाही.

जुलैत टोर्गाइरच्या मुलीचं, राग्नाचं लग्न होतं. पाहुणे एकशे दहा, बिअर दीडशे लिटर, आणि विरजणाचं कडं एक. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, रस कढत असताना कडं टाकलं तर विरजण मरणार. फार निवल्यावर टाकलं तर ते जागं होणार नाही. दुसरं कडं जगात कुठेही नव्हतं. टोर्गाइरला या विचाराने घास गोड लागेना. स्वतःच्या निवडीवरचा त्याचा विश्वासच उडाला होता, आणि विश्वास उडालेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. प्रकरण समितीकडे दिलं.

दरीत गृह-बिअर संवर्धन मंडळ आहे. (सभासद बावीस, थर्मामीटर एकतीस.) मंडळाने 'परवडणारे तापमापक व तापनियंत्रक निवड उपसमिती' नेमली आणि अध्यक्षपदी अन्फिनला बसवलं. अन्फिन रस्ते खात्याच्या बोगदा विभागातून निवृत्त झालेला. ज्या कामाचं दुसरं टोक दिसत नाही त्याचा त्याला दांडगा अनुभव. निकष ठरले ते असे: साधन स्वस्त असावं, अचूक असावं, ओल्या हातांनी वापरता यावं, सूचनापत्रक कुठल्यातरी मानवी भाषेत असावं, आणि दोन साधनं सारखीच अचूक असतील तर त्यांतलं स्वस्त घ्यावं. पाचव्या निकषावर कुणी हरकत घेतली नाही. पुढे जे घडलं ते सगळं या पाचव्या निकषामुळे घडलं.

सोळा साधनं मागवली. टोर्गाइरच्या चूलघरात एका बादलीत गरम पाणी घेऊन सोळाच्या सोळा तारांची टोकं त्यात सोडली आणि उपसमिती भोवती उभी राहिली. त्यातल्या त्यात शहाण्या साधनांतला सर्वांत कमी आकडा चौतीस पूर्णांक एक, सर्वांत जास्त शेहेचाळीस पूर्णांक आठ. क्रमांक चार फॅरनहाइटमध्ये बोलत होता आणि समजूत घालूनही ऐकत नव्हता. क्रमांक अकरा पाण्यातून बाहेर काढल्यावरच पाण्याचं तापमान दाखवी. क्रमांक तेराचा आकडा सतराला सुरू होऊन दर मिनिटाला वाढत गेला, तेव्हा ते तापमान नसून घड्याळ आहे, हे लक्षात आलं. (बादलीभोवतीचा तेवढा एकच आकडा बरोबर होता.)

सरासरी काढावी असं एका सभासदाने सुचवलं. सरासरीत घड्याळ धरायचं की नाही, यावर दोन बैठका झाल्या. बर्फ शून्यावर वितळतो आणि पाणी शंभरावर उकळतं, तेवढं तपासून पाहू, असं दुसरा म्हणाला. त्यावर, मधे बरीच जागा शिल्लक राहते, असं मत अध्यक्षांनी नोंदवलं. सरकारी प्रयोगशाळेकडून एक साधन प्रमाणित करून घ्यायचं तर त्या शुल्कात अकरा साधनं आली असती, म्हणजे ते परवडणारं राहिलं नसतं आणि उपसमितीचं नाव बदलावं लागलं असतं.

या टप्प्यावर सिन्नेवा आत्या रिकामं दुधाचं भांडं मागायला आत आली.

"काय रे, बादलीला सलाईन लावलंय की काय?"

"आत्या, पाण्याचं तापमान निश्चित करतोय आम्ही," अन्फिन म्हणाला.

"बादलीचं काही खरं दिसत नाही. नातेवाइकांना कळवलंत का?"

तिने बाही वर सारली, डावं कोपर पाण्यात बुडवलं, क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून एक कॉफी होईपर्यंत थांबा. मग कोमट होईल." एक कॉफी झाली. तिने पुन्हा कोपर बुडवलं. "झालं. आता विरजण टाकलंत तर लागेल. पण तुम्ही कसले टाकताय, तुम्ही इतिवृत्त लिहिणार."

"तुला कळतं कसं पण, आत्या?" टोर्गाइरने विचारलं.

"कोपर घातलं आणि काही कळेनासं झालं, की झालं."

हे उत्तर इतिवृत्तात 'कार्यपद्धती अस्पष्ट' या शेऱ्यासह नोंदवलं गेलं. पण उपसमिती मोकळ्या मनाची होती. तिने आत्याच्या डोळ्यांना लोकरीचा रुमाल बांधला आणि वेगवेगळ्या गरम पाण्याच्या नऊ बादल्या मांडल्या. आत्याने पाचवी बादली निवडली. बादल्यांची जागा बदलली. आत्याने तीच बादली निवडली. असं नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी तिने "माझी गाय वाट बघतेय" असं सांगून रुमाल सोडला. सोळा साधनांपैकी एकालाही हे जमलं नव्हतं. शिवाय किंमत शून्य. वीज लागत नाही. दिवसाला दोन कप कॉफी आणि तपकिरी चीज घातलेलं एक वॉफल एवढाच खर्च. पाचव्या निकषापुढे इलाज नव्हता. आत्याचं डावं कोपर 'साधन क्रमांक सतरा' म्हणून एकमताने निवडलं गेलं, त्याला प्रमाणपत्र मिळालं, आणि उरलेली सोळा यंत्रं त्या कोपराशी जुळवून घ्यावीत असं ठरलं.

प्रमाणित साधन म्हटलं की अटी आल्याच. कोपर कढत पाण्यात जाऊ नये. खिडकीच्या गार काचेला टेकू नये. कोपरखळी मारण्यासाठी वापरू नये. वापरात नसताना ते लोकरीच्या बाहीत, अठरा ते बावीस अंशांत ठेवावं. (हे अंश कोपराशी जुळवलेल्या यंत्राने मोजावेत.)

"कढत पाणी नाही म्हणता, मग माझी भांडी कोण घासणार?" आत्याने विचारलं.

"मंडळ घासेल," अन्फिन म्हणाला.

"मग उजवं कोपरही घ्या की प्रमाणित करून. आणि गुडघे? गुडघ्यांचं काही होतं का बघा, अंगण झाडायचं राहिलंय."

उजवं कोपर राखीव म्हणून घेतलं गेलं. एप्रिलपासून जूनपर्यंत बावीस सभासदांनी पाळीपाळीने आत्याची भांडी घासली. उत्साहाच्या भरात त्यांनी आपापल्या घरची सगळी यंत्रंही कोपराशी जुळवून घेतली. भट्टीची, गाडीची, अंघोळीच्या पाण्याची, आणि ताप मोजायची काचेची थर्मामीटरंसुद्धा. दरीत प्रथमच सगळ्यांचा आकडा एक येऊ लागला. लोक रस्त्यात थांबून एकमेकांना तापमान सांगत आणि समोरच्याचंही तेच निघालं की हात मिळवत. टोर्गाइरला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

लग्नाला तीन आठवडे उरले असताना बिअरचा दिवस ठरला. पहाटेच चूल पेटली. जुनिपर या सुवासिक झुडपाच्या फांद्या घालून पाणी उकळलं, माल्ट भिजलं, रस चार तास आटला आणि मोठ्या पिंपात निवायला ठेवला. बावीस सभासद स्वच्छ शर्ट घालून आले. गवताचं कडं पांढऱ्या रुमालावर ठेवलं होतं. मग सिन्नेवा आत्या आली ती शिंकत, लालबुंद गालांनी.

"आत्या, तुला ताप आहे?" अन्फिन घाबरून म्हणाला.

"मला काय विचारतोस? मोजायचं खातं तुझं."

आता कोपरालाच ताप असेल तर पाण्याचा अंदाज चुकणार, हे उघड होतं. म्हणून आधी आत्याचा ताप मोजायला हवा. मोजायची दरीतली सगळी साधनं आत्याच्या कोपरावरून लावलेली. एकाने धावत जाऊन औषधांच्या दुकानातून नवं थर्मामीटर आणलं. त्याने साडेअडतीस दाखवलं. पण ते कोपराशी जुळवलेलं नव्हतं, त्यामुळे ते फेटाळण्यात आलं. राखीव कोपराचा विचार झाला. तेही त्याच आत्याचं आहे, असं एका जाणकाराने निदर्शनास आणलं. शेवटी तांत्रिक अभिप्राय येईपर्यंत सभा तहकूब झाली आणि मंडळी आत्यासकट शेजारीच तिच्या स्वयंपाकघरात इतिवृत्त लिहायला गेली. (कॉफी तिथे होती.)

पिंपातला रस मात्र सभा तहकूब करायला तयार नव्हता. तो निवत चालला होता.

चूलघरात टोर्गाइर आणि राग्ना दोघंच उरले. टोर्गाइर कड्याकडे बघत नुसता बसून राहिला.

"बाबा, दुकानातली बिअर आणली तरी मला चालेल," राग्ना म्हणाली.

"तुला चालेल गं. माझ्या आजीच्या लग्नात हेच विरजण होतं. आईच्या, माझ्याही. एक मी घालवलं. हेही माझ्याच हातून जायचं का?" त्याला मनापासून भीती वाटत होती.

राग्नाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बाबा, तुला कोपर नाहीये का?"

टोर्गाइरने स्वतःच्या कोपराकडे कुणा परक्याच्या सामानाकडे बघावं तसं पाहिलं. "हे तपासलेलं नाही."

"मग तपास! घाल पटकन, निवतोय तो!"

त्याने बाही वर सारली, कोपर बुडवलं आणि हाय करून बाहेर काढलं. मग दोघांनी एक कॉफी होईल एवढा वेळ उभ्याउभ्याच काढला. त्याने पुन्हा कोपर बुडवलं. गरम लागेना, गार लागेना. कोपर रसात आहे की हवेत, तेच समजेना. लहानपणी आत्या त्याला लाकडी टोपात अंघोळ घालायची, ते पाणी त्याला आठवलं. तेही असंच असायचं, असून नसल्यासारखं.

"राग्ना," तो म्हणाला, "मला काही कळेनासं झालंय!"

"मग टाक!"

त्याने कडं पिंपात सोडलं. विरजण टाकताना पोटातून किंचाळायचं, म्हणजे बिअर चढते आणि पिणारे खुलतात, ही तिथली रीत. आवाजाने यंत्रांचे आकडे हलतात म्हणून मंडळाने ती मार्चपासून स्थगित ठेवली होती. टोर्गाइर किंचाळला. राग्ना त्याच्याहून मोठ्याने किंचाळली. मग दोघंही पोट धरून हसत सुटले आणि हसताहसता पुन्हा किंचाळले. एकवीस सभासद धावत बाहेर आले, गाय दावं तोडून निघाली, आणि आत्याने खिडकीतून, दोन्ही प्रमाणित कोपरं गार काचेला टेकवून, त्यांच्याहून लांब आरोळी ठोकली. (बाविसावा सभासद भांडी घासत होता.)

तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे शेजारीपाजारी चव घ्यायला जमले. लाकडी वाडगा हातोहात फिरला. अशी बिअर वीस वर्षांत झाली नव्हती. आत्याने तीन वाडगे घेतले आणि ताप गेल्याचं स्वतःच जाहीर केलं. अन्फिन नाचला, आणि बोगदा विभागातला माणूस नाचतो हे दरीने प्रथमच पाहिलं. विरजणाचा नवा साका काढून बारा घरांत बारा बरण्या वाटल्या. टोर्गाइरने आपली बरणी छातीशी धरली आणि तो सगळ्यांदेखत रडला.

लग्नानंतर उपसमितीचा अहवाल आला. पृष्ठं एकसष्ट. विरजण टाकतेवेळी सोळापैकी फक्त क्रमांक नऊचं यंत्र चालू होतं आणि त्यावर बरोबर एकोणचाळीस हा आकडा होता. सबब बिअरच्या यशाचं श्रेय क्रमांक नऊला देण्यात येत आहे, असा निष्कर्ष निघाला. (त्या वेळी क्रमांक नऊच्या तारेचं टोक अन्फिनच्या कॉफीच्या कपात होतं, हे परिशिष्टात आहे.) बावीसही सभासदांनी क्रमांक नऊ विकत घेतलं. टोर्गाइरने दोन घेतली. एक पिंपासाठी, एक फ्रीजरसाठी.

आता वाचकांची पत्रं येतील, याची पूर्ण कल्पना आहे. ज्या घरांत रोज संध्याकाळी कुणीतरी दुधात करंगळी बुडवतं, मान हलवतं, विरजण लावून आपल्या कामाला लागतं आणि सकाळी दही घट्ट लागलेलं असतं, त्याच घरांतून ती येतील. त्यांत एकच प्रश्न असेल: क्रमांक नऊ घरपोच मिळेल का?

मिळेल. आल्यावर ते आकडा बरोबर दाखवतंय ना, हे पाहायला मात्र एकदा दुधात करंगळी बुडवून घ्यावी.