सासूबाईसाहेबांची हवाई स्वारी

पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणोन जे घडले ते लिहितो. पदरचा मजकूर यांत नाही. सासूबाईसाहेबांच्या वडील भगिनी डोंगरापलीकडील शहरी राहात. त्यांचे डोळ्याचे ऑपरेशन जाहले आणि पट्टी सोडण्याचा समय आला, तो त्यांनी डोळ्यावर हात धरिला आणि फोनवरून फर्माविले की धाकटी समोर उभी राहील तेव्हाच पट्टी निघेल, मग डॉक्टरसाहेबांची मर्जी खप्पा जाहली तरी बेहत्तर. डॉक्टरांनी उद्या सायंकाळपावेतो मुदत दिली. इकडे पेच थोर. रस्त्याने दिवसभराची मजल, मध्ये घाट, आणि सासूबाईसाहेबांस पहिल्याच वळणावर गाडी लागावी, या कारणे कैक वर्षे भेट नाही. राहिला मार्ग आकाशाचा. त्याची त्यांस बहुत दहशत.

मग दिवाणखान्यात मसलत बसली. थोरले जावई जागांचे दलाल. त्यांचे जाहिरातीत तमाम मुलुख स्टेशनापासून पाच मिनिटांवर. त्यांनी छाती ठोकून सांगितले की विमानास वीस मिनिटे पुरेत. धाकटे जावई मोजणी खात्यात अंमलदार. त्यांनी चहाचे कप बाजूस सारून नकाशा पसरिला आणि फूटपट्टी लाविली, आणि दोन विमानतळांत सरळ रेषेत एकशे ऐंशी किलोमीटर, चढणे-उतरणे धरून पाऊण तास, ऐसा निवाडा दिला. तकरार वाढली आणि एक कप कामी आला. तेव्हा सासूबाईसाहेबांचा हुकूम सुटला की अर्धा तास हवेत राहू, वर एक क्षण नाही. मग थोरल्या कन्येने उभयतांस स्वयंपाकघरात ओढून तह करविला: धाकट्यांनी मौन धरावे आणि थोरल्यांनी थापा बेताने माराव्या.

दुसरे दिवशी विमान उडाले. सासूबाईसाहेब मध्ये, दोहों बाजूंस दोन जावई, आणि त्यांची मनगटे खाशांचे मुठीत. किती वेळ जाहला ऐसे विचारताच थोरले सांगत, "पाच मिनिटं, आई," आणि चौथे वेळीही तेच सांगितले. तो उतरावयाचे धावपट्टीवर कुत्रे शिरल्याची खबर वैमानिकाने दिली आणि विमान घिरट्या घालू लागले.

सासूबाईसाहेब धाकट्यांकडे वळल्या. "तुम्ही खरं बोला. अर्धा तास झाला ना?"

धाकट्यांनी घड्याळ पाहिले आणि तह मोडला. "केव्हाच झाला, आई."

त्यासरशी सासूबाईसाहेबांनी पट्टा सोडिला आणि पर्स काखोटीस मारून उठल्या. हवाईसुंदरी धावली, तो तीसच सुनावले, "थांबवा म्हणावं त्याला, मला उतरायचंय!" तमाम प्रवासी हवालदिल जाहले. इतक्यात विमान कलले आणि त्या धाकट्यांचे मांडीवर आदळून खिडकीशी गेल्या, तो खाली घाट दृष्टीस पडला, दोऱ्याचा गुंता पडावा तैसा, आणि त्यावर मोटारी मुंगीएवढ्या.

"अगंबाई, हाच का तो मेला घाट? एवढासाच?"

भय पळाले. घाटास त्यांनी शेलक्या शिव्या वाहिल्या आणि हवाईसुंदरीस फर्माविले की अजून एक चक्कर मारावी. कुत्र्याने तीही कृपा केली.

दुपारी इस्पितळाचे खोलीत पट्टी सुटली. वडील भगिनींनी बराच काळ निरखून पाहिले.

"किती गं म्हातारी झालीस!"

"तुझी पट्टीच बरी होती," सासूबाईसाहेब बोलल्या, आणि दोघी गळ्यात पडून हसता हसता रडल्या. डोळ्यास पाणी लागू देऊ नका ऐसे डॉक्टरसाहेब ओरडले; कोणी ऐकले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हवेत किती वेळ गेला याविषयी धाकटे जावई घिरट्या वजा जाता पाऊण तासावर, आणि थोरले वीस मिनिटांवर अद्याप ठाम. खाशांचे म्हणणे, "पटकन आलो की!" तेच प्रमाण मानून दफ्तरी दाखल केले.