दिगूभाऊजींच्या दोन पोती कॅसेट

दिगूभाऊजींना कोणी "चहा घेणार का?" विचारलं, तर उत्तर देण्याआधी ते टेप चालू करीत. मग घसा साफ करून म्हणत, "हाव, घेतो. साखर कमी." चहा गोड आला, की कॅसेट मागे फिरवून आपलंच वाक्य ऐकवीत. "रेकॉर्डवर आहे," हे त्यांचं पालुपद.

धाडमध्ये आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत. मी तेव्हा चाळिशीची, आणि गावात आपल्याइतकं हुशार कोणी नाही याबद्दल माझी पक्की खात्री. त्यांच्या ओट्यावर बसून मी वाट्टेल ते बोलायची. ते सगळं एक दिवस माझ्याच नातीच्या कानावर जाणार आहे, हे कळलं असतं तर तोंडाला पदर लावला असता.

त्या वर्षांत अळी न लागणारा बीटी कापूस नवा होता. बियाण्याच्या मोठ्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेला, अळीला खायला म्हणून पेरायची. गावाने ती कधी पेरली नाही. मी तर शेतातल्या रिकाम्या जागा भरायला वापरली आणि वर स्वतःचं कौतुक करून घेतलं. दिगूभाऊजी मात्र बियाण्याच्या दुकानात, पारावर, आठवडी बाजारात, दिसेल त्याला सांगत, "अळीले तिचं ताट कडेले वाढा. नाहीतर ते तुमच्या ताटात तोंड घालाले शिकते." हे सांगतानाही बगलेत टेप चालूच.

पुढे ती शिकलीच. एका वर्षी गुलाबी बोंडअळी आली आणि तिने कोणाची कड पाहिली नाही, सगळ्यांचीच बोंडं खाल्ली. पारावर माणसं डोकं धरून बसलेली, आणि भाऊजी म्हणाले, "मी सांगितलं होतं." खरं बोलायलाही एक वेळ असते, ती त्यांना कधी कळली नाही. त्यांचा धाकटा भाऊ गजानन उठला आणि एवढंच म्हणाला, "गावाले सांगितलं असशील. मले नाही."

"रेकॉर्डवर आहे," भाऊजी म्हणाले.

असेल, पण कुठे? घरात दोन पोती कॅसेट, एकीवरही नाव नाही. गजानन बायकोच्या माहेरी, वरवट बकालला शेती करायला निघून गेला. जाताना बोलला नाही, गेल्यावरही बोलला नाही. भाऊजींचा कायदा असा, की धाकट्याच्या दारात जायचं तर पुरावा घेऊनच जायचं. मग काय, रोज दुपारी पोतं उपसून एकेक कॅसेट ऐकायची. नावं नसल्याने ऐकलेल्याच पुन्हा हाती येत, आणि सात-आठ वर्षं हा माणूस स्वतःचाच आवाज ऐकत बसला. मी भिंतीपलीकडून ओरडायची, की जुनं कीर्तन बंद करा.

मग एका दिवाळीला माझी नात मुक्ता पुण्याहून आली. तिच्या ऑफिसात असं एक सॉफ्टवेअर आहे, की त्यात रेकॉर्डिंग भरायची, शब्द लिहायचा, आणि तो शब्द जिथे जिथे कोणी बोललं असेल तिथून आवाज सुरू होतो. तिने सगळी सुट्टी त्या पोत्यांतल्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवण्यात घातली. भाऊजी कॉम्प्युटरसमोर बसले ते टोपी काढून.

आधी "गजानन" लिहिलं. आता आमच्या जिल्ह्यात गजानन शोधायचा म्हणजे पिठात पीठ शोधायचं. माणसं गजानन, दुकानं गजानन, आणि दर भेटीला "जय गजानन". यादी संपेना. मग "पुडी" लिहिलं. तंबाखूच्या पुड्या आल्या, कुंकवाच्या आल्या, आणि मध्येच एक बाई ठसक्यात म्हणाली, "भाऊजी, अळीला ताट वाढायचं, तर पाट-रांगोळी कोण घालणार?" वर खिदळणं.

मुक्ता माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी, ही तू?"

मी म्हटलं, शेजारीण असेल.

शेवटी मुक्ताने दोन्ही शब्द जवळजवळ येतील अशी जागा मागितली. एकच निघाली.

"दादा, हे लहान पुडी काय करू?" गजाननचा आवाज.

"टाक फेकून, गजानन." हा भाऊजींचा. "तीन एकरात तू कड कुठं सोडतो? माह्या वावरात सोडतो ना मी, तुह्या वाटची कड बी."

गावाला शिस्त शिकवणाऱ्या माणसाने भावाला सूट दिली होती, आणि दिली हे विसरून गेला होता. मुक्ताने हळूच विचारलं, पुसून टाकू का? भाऊजींनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मोबाइलवर टाकून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते निघाले. मीही निघाले. साक्षीदार पाहिजे असं सांगितलं. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं. बुलढाण्याला गाडी बदलली, तेव्हाही भाऊजींचा हात मोबाइलच्या खिशावरच.

गजानन अंगणात सोयाबीन वाळवत होता. भाऊजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानेच मोबाइल पुढे धरला आणि लावलं. गजानन शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"माहीत हाये मले," तो म्हणाला.

"मंग त्या दिवशी पारावर हे काऊन नाही बोलला?"

"चारचौघांत?" गजानन म्हणाला. "मोठा भाऊ हायेस तू."

भाऊजी बाजेवर बसले. मला बोलायला पुष्कळ सुचलं, पण मी तोंडाला पदर लावला; माझ्या आयुष्यात असं फार वेळा घडलेलं नाही. गजाननने हात धोतराला पुसले आणि भावाच्या शेजारी टेकला.

"शेवटचं ते लाव पाहू पुन्हा," तो म्हणाला. "माह्या वावरात सोडतो म्हणतो, ते."