तळ्याचा काठ

आमच्या वाघोशीत तळ्याचा काठ कुठं आहे हे पाणी ठरवत नाही, चिखलकिडे ठरवतात. पाठीवर जांभळे ठिपके असलेले हे किडे काठाच्या चिखलाशिवाय कुठंच राहत नाहीत. ते दिसले की तलाठी तिथं दगड रोवतो. दगडाच्या अलीकडे गाव, पलीकडे तळं.

यंदा किडे आमच्या परसात आले. मोरीचं पाणी अळवाला सोडलेलं, तिथं कायमचा चिखल. आमचं घर परसाच्या आणि तळ्याच्या मधे. म्हणजे घर तळ्यात गेलं.

"भाऊसाहेब, घरात थेंबभर पाणी नाही हो!" मी तलाठ्याला म्हणालो.

"ते मी कुठं विचारलं? किडे आहेत ना?" त्यानं दगड रोवला. "तळ्यात माणसाला राहता येत नाही. आठवड्यात घर सोडा."

डोकं फिरायची वेळ आली. त्यात मच्छीमार सोसायटीचा नथू भोई जाळं घेऊन बैठकीत आला. चपला मात्र त्यानं बाहेर काढल्या.

"दादा, पाय वर घ्या जरा." त्यानं सोफ्याखाली जाळं टाकलं, ओढलं आणि मान हलवली. "इथं लई खोल हाय."

एवढं सगळं चार पानांच्या अळवापायी! मी विळा घेऊन परसात गेलो. अळू उपटायचं, मोरी बुजवायची. चिखल वाळला की किडे जातील आणि घर परत गावात येईल. उपाय सरळ होता. पण बायको, मालती, अळवात उभी.

"हात लावून बघा! माहेराहून आणलेला कंद आहे. तुमच्याकडचं अळू घसा धरायचं, विसरलात?"

"अगं, घर जातंय!"

"घर कुठं जातंय? आहे तिथंच आहे. अळू उपटलंत तर ते नसेल."

मी विळा खुंटीला लावला. तलाठ्याला कळवलं, "आम्ही इथंच राहतो. फक्त इथं माणसं राहत नाहीत असं लिहा." त्यानं लगेच तसं लिहिलं.

दुपारी अळवाचं फदफदं होतं. दोनदा वाढून घेतलं, घसा जरासुद्धा खवखवला नाही. हात धुवायला उठलो, तेव्हा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला होता.

"पिळून वाळत घाला," मालती म्हणाली. "काठावर."