तुलसीरामांचे घटनात्मक आयुष्य

सें पिएरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तुलसीराम १९८३च्या ऑगस्टमध्ये वारले. अग्नी दिला, तेरावं झालं, सगळं रीतसर झालं. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यांची मुलगी विद्यावती, रोझ हिलच्या शाळेतली शिक्षिका, बसने गावी आली. पिशवीत चौकटीत बसवलेला फोटो, एक खिळा आणि बाची हातोडी होती. मंडळाच्या सभागृहात एक भिंत दिवंगत सभासदांची होती. तिथे बाचा फोटो लावायचा, एवढंच काम. पाच मिनिटांचं.

सचिव बलराम यांनी फोटो पाहून टोपी काढली. "छान आलाय. पण लावता येणार नाही, मिस."

"का?"

"भिंत दिवंगतांची आहे. तुझा बा दिवंगत नाही."

"काका, तुम्ही खांदा दिला होतात."

"तो शेजारी म्हणून. सचिव म्हणून माझ्याकडे तशी नोंद नाही."

"मग आता करा."

"करता येत नाही. आपली यादी १९७२ची. त्या यादीत तो जिवंत आहे, आणि यादीला हात लावायचा नाही असं कलम आहे. की पू फेर? काय करणार?"

"हे असलं कलम लिहिलं कोणी?"

"कोणी म्हणजे? तुझ्या बानं!"

ते खरं होतं. तुलसीराम आयुष्यभर साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, पण त्यांचा जीव राज्यघटनेत होता. बेटाने, म्हणजे त्यांच्या देशाने, जे केलं ते मंडळाने आठवड्याभरात करायचं, हा त्यांचा शिरस्ता. गोऱ्यांच्या काळी सही करू शकणाऱ्यालाच बेटावर मत मिळालं, तेव्हा मंडळातही सहीवाल्यांनाच मिळालं. मग मत सर्वांना झालं, तसं मंडळातही झालं. १९६८च्या मार्चमध्ये बेट स्वतंत्र झालं. लगेच मंडळानेही रोझ हिलच्या मुख्य मंडळापासून स्वातंत्र्य जाहीर केलं. नावापुरता प्रमुख मात्र रोझ हिलचाच ठेवला, कारण बेटानेही गोऱ्यांची राणी ठेवली होती. सरकारने निवडणूक पुढे ढकलली तेव्हा मंडळानेही ढकलली आणि १९७६ला सरकारबरोबरच उरकून टाकली.

अडचण एकदाच आली. बेटाच्या घटनेत चार समाज होते आणि निवडणुकीत हरलेल्यांपैकी आठ जणांना समाजाचा तोल राखण्यासाठी संसदेत घेत. मंडळात सगळेच मराठी. तुलसीरामांनी दोन रात्री जागून चार समाज काढले: मळ्यातले, कारखान्यातले, सरकारी नोकरीतले, आणि ज्यांच्या राहणीवरून ते वरीलपैकी कोणीच वाटत नाहीत असे सर्वसाधारण. तेव्हापासून मंडळाच्या निवडणुकीत कोणी हरलं नाही.

मग १९८२ साली बेटाने जनगणनेत समाज विचारणं बंद केलं आणि या जागांसाठी १९७२चेच आकडे कायम धरले. त्याच आठवड्यात तुलसीरामांनी मंडळाचे १९७२चे साठ सभासद कायम केले. मधल्या दहा वर्षांत वारलेल्या अकरा जणांचे फोटो भिंतीवरून सन्मानाने उतरवून त्यांच्या घरी पोचवले. त्यानंतर भिंतीवर एकही फोटो चढला नाही. गावाची हवा सुधारली असावी, असा विद्यावतीचा समज होता.

"मग कलम बदला," ती म्हणाली.

"बदलू की! तीन चतुर्थांश मतं लागतात. साठातली पंचेचाळीस. जिवंत आहेत एकेचाळीस."

"म्हणजे बदलताच येणार नाही?"

"येईल. तुझा बा काय वेडा होता? गेलेल्या सभासदाचं मत त्याच्या वारसानं द्यायचं. उजवा हात स्वतःचा, डावा गेलेल्याचा."

सभा रविवारी भरली. गावाला आपले मृत यादीत फार सोयीचे पडत होते. मळ्यातल्या गोपाल यांची बायको, भाऊ आणि चुलती अशी तीन माणसं गेली होती. त्यांना डाव्या हाताखेरीज दोन छत्र्या वर धरण्याची परवानगी होती. सगळ्याच मृतांना मृत मानायचा ठराव आला असता, तर पहिला दगड गोपालनीच उचलला असता. म्हणून बलरामांनी तोडगा काढला: फक्त अध्यक्ष तुलसीराम वारले असं मानावं, बाकीचे अठरा जण पूर्ववत जिवंत राहावेत.

"बरोबर आहे," गोपाल म्हणाले. "गेलेल्या माणसाला किती राबवायचं?"

"तुला खुर्ची पाहिजे, म्हण ना!" कारखान्यातल्या अनुसयाबाई मागून ओरडल्या. "आठ वर्षं हरतोयस आणि आठ वर्षं आत येतोयस!"

"आणि तू काय गं, तुझी सासू तर माझ्या बाजूनं आहे."

"माझी सासू माझ्या डाव्या हातात आहे. ती तुझ्या विरोधातच जाणार. जिवंतपणी नाही ऐकलं तिनं माझं, आता ऐकते!"

कारखान्यातले पंधराही हात विरोधात गेले. बलरामांनी ठरावाच्या बाजूचे हात आणि छत्र्या दोनदा मोजल्या. विद्यावतीचंही नाव १९७२च्या यादीत होतं; तिचा उजवा हात धरून चव्वेचाळीस.

"एक कमी," ते म्हणाले. सगळं सभागृह विद्यावतीकडे वळलं. "मिस, अध्यक्षांचं मत राहिलंय."

तिच्या डाव्या मनगटावर बाचं घड्याळ होतं. पट्ट्याला तिने दोन भोकं जास्तीची पाडली होती, तरी ते सैल व्हायचं. फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. खिळा आणि हातोडी टेबलावर होती. हात वर केला की काम झालं. फक्त हात वर करायचा आणि बा वारला असं म्हणायचं.

"विद्या, उचल गं," गोपाल छत्र्या सावरत म्हणाले. "हात दुखायला लागला माझ्या भावाचा."

ती हसली. मग तिने डावा हात मांडीवर ठेवला, आणि निघून जाईल की काय अशा भीतीने त्यावर उजवा ठेवला. चव्वेचाळीसाचे त्रेचाळीस झाले.

बलरामांनी तिसऱ्यांदा मोजणी केली. मग इतिवृत्तात लिहिलं: ठराव नामंजूर. अध्यक्ष तटस्थ राहिले.

फोटो पिशवीत घालून ती दारापर्यंत गेली, तेव्हा त्यांनी हाक मारली. "मिस, पुढच्या सभेची नोटीस अध्यक्षांना कुठं पाठवू?"

"माझ्याच पत्त्यावर," विद्यावती म्हणाली. "येतील ते."

सें पिएरच्या मंडळाला हसायला कोणाचीच हरकत नाही. मात्र ज्यांच्या दारावर अजून वडिलांच्याच नावाची पाटी आहे, त्यांनी आधी आपला डावा हात कुठे आहे ते पाहून घ्यावं.