गोजरा परत न गेल्याची हकीकत

श्रीवाग्देवतेचे चरणी मस्तक ठेवून, एका कथेपायी दरबारात जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सरी, नदीकाठच्या एका राज्यात मानाजीराव महाराज राज्य करीत होते, आणि त्यांचे पदरी दर्याबाई लोटलीकर म्हणून कादंबरीकर्त्या होत्या. बाई दर गुरुवारी आपल्या कादंबरीचा एक भाग दरबारी वाचीत आणि लोक दुकाने बंद करून ऐकावयास येत. कादंबरीची नायिका गोजरा, सावकाराची सून. नवऱ्याने तापल्या सळईने तिची पाठ डागिली, मग ती होडीत बसून नदीपार निघाली, येथवर कथा आली होती, आणि पुढे काय होणार यावरून पाणवठ्यावर बायकांची भांडणे होत.

त्याच समयी महाराजांच्या कन्या मंजुळाराजे सासरहून निघून आल्या होत्या. कारण त्यांनी सांगितले नाही. त्या चिकाच्या पडद्याआड आईसाहेबांपाशी बसून कथा तेवढी ऐकत. न्यावयास आलेली सासरची पालखी वेशीपाशी उतरली होती. तेव्हा दिवाण राघोपंत यांनी महाराजांस समजाविले की, राजकन्येचा जीव कथेत गुंतला आहे, गोजरा घरी परतली तर याही परततील आणि सासरशी बिघाड टळेल. मसलत महाराजांस पटली. बाईंस आज्ञा जाहली की, गोजरा पस्तावून नवऱ्याचे पाय धरते ऐसे लिहावे, न लिहिल्यास राज्य सोडावे.

बाई घरी जाऊन लिहावयास बसल्या. होडी वळविली, गोजरेस नवऱ्याचे दारी आणिली, आणि तेथे लेखणी अडली. मग नवरा सुधारला ऐसे लिहून पाहिले, तेही मनास खोटे वाटले. मग कागद फाडिले, लुगडी बोचक्यात बांधिली, आणि गुरुवारी बोचके काखेत घेऊन दरबारी उभ्या राहिल्या.

दिवाणांनी भाग मागितला. बाई बोलिल्या, "भाग नाही. गोजरा परत जात नाही."

महाराजांनी राग आवरून पुसले की, जी बाई जगात नाही तिच्यासाठी आपल्या अन्नावर पाणी का सोडता?

"महाराज, तिच्या पाठीवरचे डाग मीच लिहिले. आता त्याच घरी तिला कोणत्या तोंडाने धाडू?"

दिवाणांनी चोपदारास खूण केली, आणि बाई आपणच वळून चालू लागल्या. तोच पडदा सरला आणि मंजुळाराजे भर दरबारात आल्या, जे त्या घराण्यात कधी घडले नव्हते.

"आबासाहेब, बाईंना जाऊ देऊ नका," त्या हळू बोलिल्या. "माझी पाठ आईसाहेबांनी पाहिली आहे. त्यांना विचारा."

महाराजांनी पडद्याकडे पाहिले. आईसाहेबांनी मान खाली घातली, आणि मग महाराजांस विचारावयाचे काही उरले नाही. मग त्यांनी हुकूम केला की, पालखी रिकामी परत न्यावी, आणि सासरकडील मंडळी यास वैर समजतील तर खुशाल समजोत. दिवाण बोलू लागले, महाराजांनी तिकडे पाहिलेही नाही. बाईंस बसा म्हणाले. बाई म्हणाल्या, भाग लिहिलेला नाही. महाराज म्हणाले, तोंडी सांगा. मग बाईंनी बोचके खाली ठेविले आणि गोजरा पैलतीरी उतरली तेथून सांगू लागल्या, आणि मंजुळाराजे महाराजांशेजारी उघड्या बैठकीवर बसून ऐकत्या जाहल्या.

सारांश, सासरच्यांशी पुढे तंटा पेटला, त्यात नदीपारची दोन ठाणी गेली, आणि महाराजांनी त्याचा खेद केला नाही. मंजुळाराजे माहेरीच राहिल्या. गोजरेची कथा बहुत वर्षे चालली, आणि ती परत गेली नाही.