टेबलाला डांग्या खोकला

मिस्त्रींनी नातीसाठी हौसेनं पाळणा केला, पण नातीचं तोंड बघायचं काही त्यांच्या नशिबात येईना. पाळणा वरच्या मजल्यावर लेकीच्या घरात आणि मिस्त्री खालच्या मजल्यावर, आपल्या खोकल्यासकट. मधे जिना, आणि जिन्यात आडवे उभे जावई.

"बाबा, रागावू नका. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, तुमचा खोकला आधी तपासून घ्या. डांग्या खोकला निघाला तर एवढ्याशा बाळाच्या जिवावर बेततं."

"अहो, हा भुशाचा खोकला! जन्मभर लाकूड कापलं, मग काय गाणं येणार गळ्यातून?"

"भुशाच्या खोकल्यात असा कोंबड्यासारखा श्वास ओढतात होय?" मागून मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं. "रात्रभर घर दणाणतं. जा बघू मुकाट्यानं."

वरून लेकीचा आवाज आला, "बाबा, रिपोर्ट आणा आणि बाळ घ्या!" मिस्त्रींनी चपला घातल्या.

दवाखान्यातल्या सिस्टरनी त्यांना टेबलापाशी बसवलं. टेबल मिस्त्रींच्याच हातचं होतं. त्याचा एक पाय गेली कित्येक वर्षं डुगडुगत होता.

"मिस्त्री, तुमच्या टेबलाचा पाय कधी बघणार?"

"बघू की, येतो सवडीनं," मिस्त्री नेहमीसारखं म्हणाले.

त्या दिवशी लहान मुलांना लस टोचायची होती. सिस्टर त्याच टेबलाशी उभ्या राहून सुई वर धरत, हवा काढत, थेंब टेबलावर उडे, आणि पोरगं भोकाड पसरे. ते आटपल्यावर त्यांनी पाकीट फोडून टोकाला कापूस लावल्यासारखी एक लांबलचक काडी काढली. ती बघूनच मिस्त्रींनी खुर्ची मागे सरकवली.

"ही कुठं घालायची?"

"नाकातून. थेट घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत. डोळ्यांत पाणी येतं, बाकी काही नाही."

मिस्त्रींनी हातोडीखाली अंगठा चेचून घेतला होता, बोटात शिरलेलं लाकडाचं कुसळ स्वतः चिमट्यानं ओढून काढलं होतं. पण नाक ही त्यांची दुखरी बाजू. लहानपणी नाकात शेंगदाणा अडकल्यापासून ते नाकाला कुणाला बोटसुद्धा लावू देत नसत. तेवढ्यात लस टोचून घेतलेलं एक पोरगं चड्डीशिवाय रस्त्यावर धावत सुटलं. "हे धरा, टोकाला हात लावू नका!" म्हणत सिस्टर काडी त्यांच्या हातात देऊन त्याच्यामागे पळाल्या.

मिस्त्रींनी काडीकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. लाकडाला वाळवी लागते, बुरशी लागते, पण खोकला लागल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी काडी टेबलावरून फिरवली, शेजारी ठेवलेल्या नमुन्याच्या नळीत घातली आणि बूच घट्ट लावलं. नंतर खोकल्याची अशी उबळ आली की डोळे पाण्यानं डबडबले.

"झालं?" परत आलेल्या सिस्टरनी चकित होऊन विचारलं.

"तुमच्या मोठ्या सिस्टर आल्या होत्या, त्यांनी घेतला नमुना," मिस्त्री डोळे पुसत म्हणाले. डोळ्यांतलं पाणी बघून सिस्टरचा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मिस्त्री, डांग्या खोकल्याचे जंतू सापडले."

"टेबलात?" हे मिस्त्रींच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. "नक्की माझ्याच नळीत?"

"तुमच्याच. घरातल्या सगळ्यांना पाच दिवस औषध, आणि सगळ्यांची तपासणी."

आता मिस्त्रींची पंचाईत झाली. आपण निर्दोष आहोत हे फक्त त्यांना ठाऊक, आणि ते सिद्ध करायचं तर आधी चोरी कबूल करायची! औषध थुंकून टाकायचा त्यांचा विचार होता. पण बायको पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राही आणि म्हणे, "जीभ वर करा. आता गालात बघू." तिच्यापुढे कुणाची मात्रा चालणार?

बायकोची तपासणी झाली, त्याच टेबलाशी. ती जन्मात खोकली नव्हती, तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह. जावयांचाही पॉझिटिव्ह. जावयांनी बिछाना गच्चीवर हलवला. बाळंतीण म्हणून दवाखान्यात न नेलेली लेक वर एकटी रडायला लागली, आणि ती रडते म्हणून बाळ रडायला लागलं. खाली मिस्त्री ताट तसंच सारून जिन्याच्या पायरीशी येऊन बसत. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई निरोप द्यायला स्वतःच आल्या.

"बाळाच्या बापालाच झालाय म्हटल्यावर इलाज नाही. उद्या बाळाच्या नाकातून नमुना घेऊ."

"तिच्या नाकात? ती काडी?"

"अगदी बारीक असते हो."

"बारीक?" मिस्त्री ताडकन उठले. "बाई, माझ्या नातीच्या नाकाला हात लावू नका! ती काडी माझ्या नाकात गेलीच नाही. मी... मी ती टेबलावर पुसली."

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ टेबल, लस, टेबल, लस असं पुटपुटत राहिल्या.

"मुलांच्या लसीत डांग्या खोकल्याच्या मेलेल्या जंतूंचे बारीक अंश असतात," त्या शेवटी म्हणाल्या. "ही तपासणी जिवंत-मेलं बघत नाही, अंश सापडला की पॉझिटिव्ह. लसीचे थेंब टेबलावर, तिथून सिस्टरच्या हाताला आणि काडीला. म्हणजे आम्ही सगळा वेळ टेबलच तपासत होतो! आता सगळ्यांचे नमुने पुन्हा, इथंच. पहिले तुम्ही."

पळायला वाट नव्हती. बायकोनं डोकं धरलं, जावयांनी हात धरले, आणि काडी गेली ती गेलीच. मिस्त्रींना शेंगदाणा आठवला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. बायको निर्दोष, लेक निर्दोष, जावई निर्दोष.

"आणि मी तर आहेच निर्दोष," मिस्त्री ऐटीत म्हणाले.

"तुमचा पॉझिटिव्ह आहे. या खेपेला खराखुरा."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "म्हणजे बाळ..."

"बाळ खुशाल घ्या. पाच दिवस औषध पोटात गेलंय, आता तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. त्या टेबलाचा रिपोर्ट तुम्हाला हवा तसा स्वच्छ आला असता, तर तुम्ही त्याच दिवशी वर गेला असता." बोलता बोलता त्यांनी वर, पाळण्याच्या दिशेनं बोट केलं.

जावई जिन्यातून बाजूला झाले. मिस्त्री वर गेले. लेकीनं बाळ हातात दिलं तेव्हा, नाकात काडी नसतानासुद्धा, त्यांच्या डोळ्यांना धार लागली. खोकल्याची उबळ आली म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, पण हात जराही हलू दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन दवाखान्यात हजर झाले आणि टेबल उलटं करून त्याच्या पायाशी बसले.

"आज कशी काय सवड झाली, मिस्त्री?" सिस्टरनी खोचकपणे विचारलं. "आमच्या आजारी टेबलाची आठवण आली वाटतं?"

"टेबल ठणठणीत आहे हो," मिस्त्री खिळा ठोकत म्हणाले. "खोकला मला होता."