भूषणच्या टाकीतले बेपत्ता जिवाणू

नव्या फिल्टरचा स्पंज पांढरा असतो. महिन्याभरात तो तपकिरी आणि बुळबुळीत व्हायला हवा. भूषण यांच्या टाकीतला स्पंज बेचाळिसाव्या दिवशीही पांढराशुभ्र होता. मी तशी नोंद केली आणि वही साहेबांपुढे धरली.

"मोहिनी, स्वच्छता हा गुन्हा नाही," साहेब म्हणाले.

साहेब म्हणजे तोताराम, खान्देशातले पहिले आणि आजवर तरी शेवटचे खासगी गुप्तहेर. त्याआधी तीस वर्षं ते पाचोरा जंक्शनवर तिकीट तपासनीस होते. 'पाठमोरा माणूस पाहून तो विनातिकीट आहे हे ओळखतो,' असं त्यांच्या कार्डावर छापलं आहे. तो माणूस त्या वेळी पळत असतो, हे छापलेलं नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. आहे. साहेबांच्या मते बारीक अक्षर वाचायला ही पदवी उपयोगी पडते.

प्रकरण असं होतं. जळगावात बँकेत नोकरी करणाऱ्या भूषण यांनी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू आधी स्पंजावर आणि दगडांवर वस्ती करतात, मगच मासा सोडायचा. काम लवकर व्हावं म्हणून भूषणनी बाटलीतले जिवाणू तीनदा ओतले होते. तरी अमोनियाच्या चाचणीचा रंग हिरवाच, म्हणजे धोक्याचा. अमोनिया जागचा हलत नव्हता.

घाई माशांची नव्हती. 'टाकी तयार झाली की धुळ्याच्या दिपमालाच्या स्थळाला उत्तर देतो,' असं भूषणनी आईला, बेबाबाईंना, सांगून ठेवलं होतं. दिपमालाच्या घरचे आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होते.

"तर्क पहिला," साहेब टाकीभोवती फिरत म्हणाले. "जिवाणू मुंबईहून आले. पाचोऱ्याला उतरले. पुढचं तिकीट नव्हतं."

"बाटली सीलबंद होती," मी म्हटलं.

"म्हणजे टोळीचं काम. तर्क दुसरा, शेजारी."

"शेजारी मासे पाळत नाहीत, साहेब."

"पाहा! संशय येऊ नये म्हणून किती काळजी!"

तिसऱ्या तर्कात मीठ होतं. खरं-खोटं कळावं म्हणून साहेबांनी टाकीतलं बोटभर पाणी चाखलं आणि पाच मिनिटं तपास स्थगित ठेवला.

तेवढ्यात मोरीतला नळ खळखळला. तीन दिवसांनी पाणी आलं होतं. बेबाबाई उठल्या, पदर खोचला आणि बादली घेऊन टाकीपाशी आल्या.

"अक्का, तपासात अडथळा नको," साहेब म्हणाले.

"सरका भाऊ, पानी उनं."

साहेब सरकले. बेबाबाईंनी टाकीत हात घालून स्पंज काढला, एकेक दगड काढला आणि सगळं मोरीत नेलं. ब्लीचिंग पावडरचा वास आला. घासण्याचा आवाज आला.

"चौथा तर्क," साहेब आवाज चढवून म्हणाले, "या घरात आपल्या डोळ्यांदेखत कोणीतरी..."

"अक्का, हे तुम्ही नेहमी करता?" मी मोरीच्या दारातून विचारलं.

"दर नळना दिनले! बठ्ठं बुळबुळीत व्हई जास. माठ घासस, हंडा घासस, मंग हाई कसाले सोडू? टाकी लवकर तयार व्हई म्हणीसन दोनदा घासस, मंग गॅलरीमा वाळत घालस!"

मी वहीत लिहिलं: आरोपी सापडली. हेतू, मदत.

मग भूषणकडे वळले. "दर तीन दिवसांनी हा स्पंज गॅलरीत वाळत असतो. तुम्हाला दिसला नाही?"

भूषण टाकीकडे पाहत राहिले. "दिसला."

"मंग या भाऊले कसाले बलावं?" बेबाबाई ओला स्पंज हातात घेऊन बाहेर आल्या.

"हे शोधून काढणार नाहीत, याची खात्री होती."

साहेबांनी मान किंचित झुकवली. त्यांना ती प्रशंसा वाटली असावी.

"आई, माझ्या हातून तीन गोल्डफिश गेले," भूषण म्हणाले. "ते तर साध्या पाण्यातले. दिपमाला एवढं घर सोडून इथे येणार. तिला इथे नाही मानवलं तर?"

"ती काय मासोळी शे का रे?" बेबाबाई म्हणाल्या. "तिले तोंड शे. पानी बरं नही ते सांगी दी!"

मोरीत नळ वाहतच होता. भूषणनी आईच्या हातातला स्पंज घेतला, ब्लीच जाईपर्यंत नळाखाली पिळला आणि वाळत न घालता टाकीत ठेवला. मग खिशातून फोन काढला. साहेबांनी पाचवं बोट वर केलं होतं. मी ते खाली केलं.

"दिपमाला? भूषण बोलतोय. टाकीला अजून महिना लागेल," ते म्हणाले. "माझा होकार आहे."